खांबांमागची जागा

गुरुवारी दुपारी समुद्रावरून धुकं आलं, ते घरोघरी थांबत यावं तसं सावकाश. लोर्ना वाचनालय बंद करून बाहेर पडली तेव्हा बंदराकडे जाणारा उतार नाहीसा झाला होता. तिनं गाडी तिथंच ठेवली आणि वडिलांसाठी काढलेली दोन पुस्तकं काखेत मारून चालत निघाली. स्केलहेवनमध्ये जन्म काढलेल्या माणसाला धुक्यात वाट शोधावी लागत नाही, पाय आपोआप वळतात.

क्लेम फिअरन परसात होता. कपडे वाळत घालत होता.

"डॅड, या हवेत वाळणार आहेत का ते?"

"कपड्यांचं कोण बोलतंय? मला दोरी हवी होती."

दोरीवर एकच टॉवेल होता आणि त्याच्या पलीकडे तेरा चिमटे, काही जवळजवळ, काही लांब. एकाहत्तर वर्षांचा तिचा बाप डोकं तिरकं करून त्यांच्याकडे बघत होता. तो शिकवत असलेला रग्बीचा तेरा जणींचा संघ मैदानात कसा पसरेल हे तो गेली कित्येक वर्षं असंच ठरवत आला होता. आई होती तेव्हा तिला ओले कपडे घेऊन ताटकळत उभं राहावं लागे.

टॉवेल जरा सरकवावा म्हणून लोर्नानं हात पुढे केला.

"त्या लाल चिमट्याला हात लावू नकोस," क्लेम म्हणाला. "ती आमची हूकर आहे, मधोमध खेळणारी. आधीच गुडघा दुखतोय तिचा."

ती हसली. दोघं आत गेली. त्यानं टेटी पॉट केला होता: मटण, बटाटे, काळं सॉसेज, वर बटाट्याचा करपलेला थर. सोबत व्हिनेगरमधला लाल कोबी. वाढताना तो पळ्या मोजत होता, ओठ न हलवता, पण मान हलत होती. जिने, साखरेचे चमचे, प्रार्थनेत पाद्री किती वेळा खोकला ते, सगळं तो मोजायचा. गावात त्यावर विनोद होते. खेळाडू असताना तो असा नव्हता. मोजायची सवय त्याला चौतिसाव्या वर्षी लागली, आणि ती का लागली हे सबंध गावाला ठाऊक होतं.

"आज सराव रद्द करायचा ना? दहा फुटांवरचं दिसत नाहीये."

"उलट. धुकं असलं की बरं. दिसत नाही म्हटल्यावर पोरी तोंड उघडतात." त्यानं तिच्या ताटात आणखी कोबी टाकला. "रविवारी घरच्या मैदानावर शेवटचा सामना आहे आमचा. वाटलं तर ये. नाही आलीस तरी माझं काही म्हणणं नाही. तुला नाही आवडत, ठाऊक आहे मला."

आवडतं, असं एक वाक्य तिच्या जिभेवर आलं. सदतीस वर्षांत ते असं कितीदा तरी येऊन गेलं होतं. ती म्हणाली, "बघते."

"बघ," तो म्हणाला आणि पुस्तकं चाळू लागला. "यातल्या एकात तरी जहाज बुडतं ना? मागच्यात नुसतीच पत्रं लिहीत होते सगळे."

"दोन्हींत बुडतं."

"शहाणी माझी."

साडेपाचला तो चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडला. चार पावलांत त्याची पाठ धुक्यात गेली, मग जाळी गेली. बूट मात्र बराच वेळ ऐकू येत राहिले. गाडीकडे जाताना मैदानाच्या मागल्या गल्लीत ती जराशी थांबली. पलीकडे, पांढऱ्या, मऊ कशाच्या तरी पोटातून, बायकांचे मोजण्याचे आवाज येत होते. "दोन," एकजण म्हणाली. "तीन," दुसरी म्हणाली कुठून तरी लांबून. मग तिच्या बापाचा आवाज आला, "तीन कुणी म्हटलं? इतक्या हळू तर मी चर्चमध्येही बोलत नाही." आणि हशा.

लोर्ना तिथं उभी राहिली, थंडी वाजेपर्यंत. मग घरी गेली.

शुक्रवारी सकाळी शेजारणीनं फोन केला. क्लेम परसातल्या बाकावर बसल्या बसल्या गेला होता, चहा संपवलेला होता. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. लोर्नानं मान हलवली. दुपारी टॉवेल काढायला ती परसात गेली. चिमटे तिनं तसेच ठेवले.

*

ती सात वर्षांची असताना एकदा आईनं तिला सामन्याला नेलं होतं. बाप तेव्हा स्केलहेवनचा हाफबॅक होता, चेंडू कुठे जायचा ते ठरवणारा; आठवडाभर खाणीत पाळी आणि रविवारी मैदान. मधली दोन वर्षं लँकशरमधल्या एका मोठ्या क्लबानं त्याला नेलं होतं, तिथून तो परत आला. का आलास विचारलं तर म्हणायचा, तिथे समुद्राचा वास नव्हता. त्या दिवशी त्याचं नाक मोडलं. स्ट्रेचरवरून तिच्यासमोरूनच त्याला नेलं, आणि जाता जाता त्यानं तिला डोळा मारला, पण डोळ्याखाली सगळं लालच होतं. लोर्ना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नाकावर पट्ट्या लावलेला बाप तिच्या पलंगावर येऊन बसला.

"हे बघ, पोरी. तू तिथं असलीस की मला तूच दिसणार. मग चेंडू नाही दिसायचा. तर तू यायचं नाही. कबूल?"

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. कबूल.

तीन वर्षं तिनं शब्द पाळला. मग ती दहा वर्षांची असताना तो एप्रिलमधला रविवार आला. जिंकले तर स्केलहेवन वरच्या विभागात जाणार होतं, खाण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. शिवाय क्लेमनं जाहीर केलं होतं, हा आपला शेवटचा सामना. सामन्याला बेकरीवाला गेला, पाद्री गेला, आई गेली. लोर्नाला विनीमावशीकडे ठेवलं. मावशी आरामखुर्चीत घोरायला लागली तशी लोर्नानं तिचा हिरवा रुमाल डोक्याला बांधला आणि रेल्वेच्या बाजूच्या कुंपणातल्या फटीतून आत शिरली. गोलच्या खांबांमागे कठड्याजवळ मोठ्यांच्या कोटांमध्ये तिला हातभर जागा मिळाली. लोकरीला पावसाचा वास येत होता.

पुढचं सगळं तिला स्वप्नासारखं आठवे. आवाज आधी, चित्र नंतर. बाप इतका लहान दिसत होता. सगळ्या धिप्पाड माणसांमध्ये तो एकटाच जमिनीला न टेकता पळत असल्यासारखा. तो घरी कधी असा पळायचा नाही. घरी तो जपून बसायचा, जपून उठायचा, पाठीवर उशी घ्यायचा. हा कुणी निराळाच माणूस होता, आणि तो तिचा होता.

दोन मिनिटं उरली होती. बरोबरीत होते. खेळ तसा सोपा आहे: चेंडू घेतलेल्याला पाडलं की एक झालं. असे सहा तुमचे, मग चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाचव्यांदा पाडलं की शेवटच्या खेपेला लाथ मारून तो लांब उडवायचा. पण तोवर हातात ठेवायचा, पुढे सरकायचं. स्केलहेवनला तीनदाच पाडलं होतं. तीन खेपा शिल्लक होत्या आणि जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की गुण मिळतात ती रेषा वीस पावलांवर.

चेंडू क्लेमकडे आला. त्यानं मान वर केली. समोर, खांबांमध्ये, त्यानं पाहिलं. लोर्नाला वाटलं, आपल्याकडे पाहिलं. तिचा हात आपोआप वर गेला.

क्लेमनं लाथ मारली.

चेंडू रेषा ओलांडून, मागच्या रेषेपलीकडे जाऊन, तिच्या गुडघ्यांसमोरच्या फळीवर आपटला. सगळं मैदान एक श्वास घेऊन गप्प झालं. इतकी माणसं एकदम गप्प झालेली तिनं त्यानंतर कधी ऐकली नाहीत. मग समोरच्यांनी चेंडू घेतला, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांचा कुणीतरी दुसऱ्या टोकाच्या रेषेपलीकडे कोपऱ्यात पडला, चेंडूसकट. स्केलहेवन हरलं.

आई परतायच्या आत ती मावशीकडे पोहोचली होती. रुमाल जागेवर होता. रात्री बापानं अंडं आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी खाल्ल्या. "मोजायला चुकलो," एवढंच म्हणाला. लोर्ना त्याच्या नजरेची वाट पाहत होती. त्यानं मीठ मागितलं. तिनं दिलं.

तेव्हापासून ती मूग गिळून होती.

क्लबानं त्याला आधी दुसरा संघ शिकवायला दिला. कुणाला वाटलं ती शिक्षा आहे, कुणाला वाटलं दया. त्यानं पहिल्याच दिवशी पोरांना डोळे बांधून पळवलं आणि मोठ्यानं मोजायला लावलं. लोक कुंपणाला टेकून हसले. सहा वर्षांनी पहिला संघ त्याच्याकडे आला, तो अकरा वर्षं राहिला. वरच्या विभागात ते कधीच पोहोचले नाहीत, पण यॉर्कशरातले बडे संघ स्केलहेवनला यायला नाखूश असत, कारण इथली पोरं दमून कोसळली तरी आकडा चुकत नसत. मग नवा अध्यक्ष आला आणि क्लेमला काढलं. त्यानं शाळेतली मुलं घेतली, मग गावातल्या बायकांचा संघ.

लोर्नाला हे सगळं सोमवारच्या वर्तमानपत्रांतून कळायचं. त्या रविवारनंतर तिनं एकही सामना पाहिला नाही. आधी कबूल केलं म्हणून, आणि मग आपण गेलो की काहीतरी मोडतं अशी खात्री झाली म्हणून. घरात कुणी खेळाचा विषय काढला की ती पुस्तक उघडायची. पुस्तकं आवडतच होती, पण निम्मी तरी तिनं खेळ टाळायला वाचली. बापानं यातून जो अर्थ काढायचा तो काढला. क्लेम फिअरनच्या मुलीला खेळाचा तिटकारा आहे, हे गावात ठरून गेलं. आणि ती वाचनालयात वर्तमानपत्रं लावताना शेवटचं पान आधी वाचत राहिली. सबंध खेळ तिला येत होता, फक्त छापलेला.

*

अंत्यविधीला क्लबाचा हॉल पुरला नाही. चहा, हॅमचे सँडविच आणि जुनी माणसं. मोडलेली नाकं, फुलकोबीसारखे कान. कुणीतरी तो रविवार काढलाच. तो नेहमी निघायचा, लग्नात, बारशात.

"वारा होता," एक म्हणाला.

"वारा कसला? सूर्य डोळ्यांवर होता."

"रेफ्रीच झोपला होता. चौथा धरलाच नाही त्यानं."

"क्लेमला शाळेत तीनपर्यंतच शिकवलं होतं," अॅल्फ टिन्यन म्हणाला, आणि सगळे हसले, पण जरा बेतानं, लोर्नाकडे पाहत. अॅल्फ त्या संघाचा हूकर, क्लेमचा जन्माचा दोस्त, आता मैदानाचं गवत राखणारा. ही थट्टा त्याचीच होती. बारमध्ये क्लेम दिसला की तो बोटं वर करायचा, क्लेम, तिनानंतर किती? क्लेम म्हणायचा, सहा. दर शुक्रवारी, सदतीस वर्षं.

लोर्नानं कप खाली ठेवला. आता सांगावं. वारा नाही, सूर्य नाही. पण हॉल भरलेला होता, तिकडे कुणीतरी रडत होतं, आणि सांगायचं ते ज्याला सांगायचं तो नव्हता. ती उठून कप विसळू लागली.

तीन आठवड्यांनी ती राख घेऊन मैदानावर गेली. मेमधली सकाळ होती, समुद्रावर हवा इतकी स्वच्छ की पलीकडचे स्कॉटलंडचे डोंगर हात लावावा इतके जवळ. अॅल्फ तिची वाट पाहत फाटकाशी उभा होता, चांगला कोट घालून.

"मधल्या रेषेवर, असं म्हणायचा तो," लोर्ना म्हणाली.

"म्हणू दे. गवत जळतं राखेनं. माझ्या गवतात कुणी नाही, पोरी, राजा असला तरी." त्यानं पलीकडच्या खांबांकडे हनुवटी केली. "सगळे तिथं जातात, रेषेच्या मागे. पुढच्या फळीतले चार फॉरवर्ड आहेत आधीचे, राख झालेले. काही उगवत नाही, पण भांडणही नाही. जिवंत असताना असे नव्हते."

ती चालायला लागली. कठडा आता लोखंडाचा होता, फळ्या बदललेल्या होत्या. तरी तिला ती हातभर जागा लगेच सापडली. पाय आपोआप वळले. डबा छातीशी धरून ती थांबली आणि तिला पुढे काही करता येईना.

अॅल्फ बाजूला येऊन उभा राहिला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"एक बोलायचंय. त्याच्याशी बोलायचं होतं, ते राहिलं. आता तुझ्याशी बोलतो."

"बोला ना, अॅल्फकाका."

"तो रविवार." तो खांबांकडे बघत होता. "दुसऱ्या वेळी पाडलं ना आम्हाला, तेव्हा एकाचं कोपर माझ्या कानशिलात बसलं. दोन चेंडू दिसायला लागले मला. पुढच्या वेळी मी उठलो, चेंडू मागे दिला, आणि ओरडलो, 'शेवटचा!' झाले होते तीनच. मी ओरडलो. आकडा सांगायचं काम माझं होतं. त्यानं माझ्या आवाजावर लाथ मारली."

लोर्नानं डबा दुसऱ्या हातात घेतला.

"सामन्यानंतर आंघोळीच्या हौदात सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो म्हणाला, मोजायला चुकलो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, उद्या सांगतो सगळ्यांना. मग उद्या मी पहिली थट्टा केली. एकदा केली की दुसरं काही बोलताच येत नाही. थट्टा करणाऱ्याला कोण विचारतंय?"

"डॅडला माहीत होतं?"

"आवाज माझा होता, पोरी. बहिरा थोडाच होता तो." अॅल्फनं नाक पुसलं. "सहा म्हणायचा मला. दर शुक्रवारी. आणि माझ्यासाठी अर्धा पिंट बिअर ओतायला सांगायचा."

जिना संपला असं वाटावं आणि पायाखाली एक पायरी निघावी, तसं तिला झालं. हलकं वाटायला हवं होतं. तिला आधी मनातल्या मनात सगळे रविवार दिसले, एकामागून एक, कोरे. पहिल्या संघाची अकरा वर्षं. पावसात डोळे बांधून पळणारी पोरं. शाळेची मुलं, बायका, आणि मैदानाच्या कडेला उभा असलेला लहानखुरा माणूस, ज्याला ती कठड्यापलीकडून कधी दिसली नाही. कदाचित त्यानं तेव्हाही तिला पाहिलं नव्हतं. वीस पावलांवरच्या हजार डोक्यांमध्ये एक हिरवा रुमाल. कदाचित पाहिलं होतं, आणि अॅल्फचा आवाजही ऐकला होता, आणि मीठ मागितलं होतं. आता विचारायची सोय नव्हती.

"माझ्यावर राग आला असेल तर बोल," अॅल्फ म्हणाला. "मी ऐकून घेईन."

"तुमच्यावर नाही."

"मग कुणावर?"

"कळलं की सांगते. तुम्ही जरा चहाचं बघाल का?"

तो समजला. टोपी घालून, पाय ओढत, गवताच्या कडेकडेनं निघाला. मधून गेला नाही. भांडारघराचं दार वाजलं. वर दोन समुद्रपक्षी एकाच वाऱ्यावर न हलता टांगलेले होते.

लोर्नानं डब्याचं झाकण उघडलं आणि गुडघ्यावर बसली. राख तिला वाटली त्यापेक्षा जड होती आणि खडबडीत, किनाऱ्यावरच्या वाळूसारखी. ती मूठमूठ सोडत गेली. सगळी संपल्यावर हात झटकावेसे वाटेनात. दहाव्या वर्षी तिथून मैदान जसं दिसलं होतं तसंच आताही दिसत होतं, खांबांच्या चौकटीतून, लांबच लांब, मोकळं.

तिनं घसा साफ केला. मग नीट, मोठ्यानं म्हटलं:

"डॅड, त्या रविवारी मी इथं होते. कबूल करूनही आले होते. मला खेळ आवडत नाही असं तुला वाटत राहिलं, ते खरं नव्हतं. तू पळत होतास ना, ते मला फार आवडलं होतं."